‘पॅलिन्यूरस’ : एका लहान युद्धनौकेची मोजणी आणि दक्षिण अरबस्तानातील शिलालेख

१

आरमाराचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम लढाया उभ्या राहतात. कोणी कोणाची किती जहाजे पाडाव केली, कोणत्या किल्ल्यावर समुद्राकडून मारा झाला, तह कोणत्या अटींवर झाला, या प्रश्नांभोवतीच या विषयावरील बहुतेक लेखन फिरत असते. प्रस्तुत लेखाचा विषय असलेली नौका या चौकटीत नीट बसत नाही. ‘पॅलिन्यूरस’ हे मुंबईच्या आरमारातील एक लहान शिडाचे लढाऊ जहाज. त्यावर तोफा होत्या, युद्धनौकेची शिस्त होती व कंपनी सरकारचे निशाणही होते. परंतु त्याची कीर्ती कोणत्याही लढाईवर उभी नाही. ती उभी आहे समुद्राच्या खोलीचे आकडे, किनाऱ्याचे नकाशे आणि खडकांवरून उतरून घेतलेली काही अनोळखी अक्षरे यांवर.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने जहाजाचा इतिहास लिहावयास घ्यावा हे प्रथमदर्शनी काहीसे विचित्र वाटेल. परंतु सेमिटिक भाषांच्या अभ्यासाचा इतिहास पाहू लागले की १८३४ ते १८४७ या काळात या एका नौकेचे नाव वारंवार समोर येते. प्राचीन दक्षिण अरबस्तानच्या लिपीचा उलगडा, सोकोत्रा बेटावरील बोलीची पहिली शब्दसूची, महरा लोकांच्या भाषेची नोंद, या तिन्ही गोष्टींचा संबंध याच जहाजावरील अधिकाऱ्यांशी पोहोचतो. त्यांपैकी कोणीही भाषापंडित नव्हता. असे असता त्यांच्या हातून हे काम कसे झाले, आणि ते कोठे कमी पडले, याचा विचार येथे करावयाचा आहे. माझे प्रतिपादन थोडक्यात असे : न समजलेली गोष्ट न समजलेलीच ठेवून ती जशीच्या तशी नोंदविण्याची सवय या माणसांना मोजणीच्या कामाने लावली होती, आणि विद्येच्या दृष्टीने त्यांचे खरे श्रेय या सवयीत आहे. मात्र याच सवयीचा उपयोग राज्यविस्तारासाठीही झाला, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे.

२

‘पॅलिन्यूरस’ ही ब्रिग जातीची नौका होती. ब्रिग म्हणजे दोन डोलकाठ्यांचे, दोन्ही डोलकाठ्यांवर आडव्या परबाणांना चौकोनी शिडे बांधलेले जहाज. मोठ्या फ्रिगेटच्या मानाने ते फारच लहान. ‘पॅलिन्यूरस’चा भार तर दोनशे टनांच्या आसपासच होता. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईच्या गोदीत ती बांधली गेली. त्या वेळी ही गोदी वाडिया घराण्यातील मुख्य बांधकाम्यांच्या देखरेखीखाली होती. मलबारी सागाची, पक्की बांधणीची जहाजे ही त्या गोदीची ख्याती. आज इंग्लंडमध्ये जतन करून ठेवलेली ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट १८१७ साली याच गोदीतून पाण्यात उतरली होती.

ज्या दलात ही नौका होती त्याचे नाव प्रथम ‘बॉम्बे मरीन’ असे होते. १८३० साली त्याला ‘इंडियन नेव्ही’ हे नाव मिळाले. १८६३ साली ते बरखास्त झाले. या दलाचे काम व्यापारी जहाजांना सोबत करणे, चाचेगिरी मोडणे, टपाल नेणे असे बहुविध होते. त्यात किनाऱ्यांची मोजणी हे काम हळूहळू महत्त्वाचे होत गेले. जहाजांवरील अधिकारी इंग्रज असत. खलाशांत कोकण व गुजरातच्या किनाऱ्यांवरून आलेल्या लोकांचा मोठा भरणा असे. सारंग, टंडेल, खलाशी हे जहाजावरील हुद्द्यांचे शब्द आपल्या भाषेत रुळलेले आहेत. आपल्या कोळ्यांचा नाखवा हा मूळचा फारसी नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. हिंदी महासागराच्या दोन्ही काठांवरील खलाशांची शब्दसंपत्ती अशी शतकानुशतके सामाईक होती. तथापि मोजणीच्या अहवालांत नावे येतात ती अधिकाऱ्यांची. ज्यांच्या हातांनी शिडे बांधली व होड्या वल्हविल्या ते बहुतांशी निनावीच राहिले आहेत.

नौकेचे नाव लॅटिन साहित्यातून आलेले आहे. व्हर्जिलच्या महाकाव्यात पॅलिन्यूरस हा ईनियसच्या जहाजाचा सुकाणूवाला आहे. रात्रीच्या वेळी निद्रादेव त्याला झोप आणतो आणि तो सुकाणूसह समुद्रात पडतो. जिला अनोळखी प्रवाळांमधून डोळ्यांत तेल घालून वाट काढावयाची होती अशा नौकेला झोपी गेलेल्या सुकाणूवाल्याचे नाव मिळावे हा योगायोगच म्हणावयाचा.

३

या लहानशा नौकेला मोजणीच्या कामावर पाठविण्याचे कारण वाफेचे जहाज हे होते. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघाली व २२ एप्रिल रोजी सुएझला पोहोचली. वाटेतील मुक्काम धरून हा प्रवास तेहतीस दिवसांचा झाला. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या टपालाला कित्येक महिने लागत असता तांबड्या समुद्राची ही वाट केवढी सोयीची आहे हे या सफरीने सिद्ध केले. परंतु त्याबरोबर दोन अडचणीही स्पष्ट झाल्या. आगबोटीला ठिकठिकाणी कोळसा लागतो, आणि कोळशाची ठिकाणे कायम करावयाची तर समुद्राचा विश्वसनीय नकाशा हाती असावा लागतो. तांबड्या समुद्राचे दोन्ही काठ प्रवाळांच्या रांगांनी भरलेले आहेत. अरबी नावाडी दिवसा, काठाकाठाने, पाण्याचा रंग पाहून जात. त्यांचे ज्ञान पक्के होते. पण ते त्यांच्या डोळ्यांत व स्मरणात होते, कागदावर नव्हते.

ही मोजणी १८२९ साली सुरू झाली आणि १८३४ च्या सुमारास पुरी झाली. समुद्राचा उत्तर भाग ‘पॅलिन्यूरस’वरील कमांडर रॉबर्ट मोर्स्बी यांच्याकडे व दक्षिण भाग ‘बनारस’ या जहाजावरील एल्वन यांच्याकडे सोपविण्यात आला होता. वाफेच्या युगाची वाट आखण्याचे काम अशा रीतीने शिडाच्या जहाजांनी केले.

या कामाची पद्धती थोडी तपशिलाने पाहिली पाहिजे, कारण पुढील विवेचन तिच्यावर अवलंबून आहे. खोली मोजण्यासाठी दोरीला बांधलेला शिशाचा गोळा पाण्यात सोडीत. दोरीवर वावांच्या खुणा असत. आपल्याकडील ‘वाव’ म्हणजे पसरलेल्या दोन हातांमधील अंतर. इंग्रजांचा ‘फॅदम’ हा शब्दही मुळात पसरलेल्या बाहूंचाच वाचक आहे. गोळ्याच्या बुडाशी खळगा असे व त्यात चरबी भरलेली असे. तळाची वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा तिला चिकटून वर येई. मग वावांच्या आकड्यापुढे तळाचा प्रकारही लिहिला जाई. रेखांशासाठी क्रोनोमीटर, कोनांसाठी सेक्स्टंट ही साधने असत. जेथे किनाऱ्यावर साखळीने पायारेषा मोजता येत नसे तेथे तोफेचा उपयोग करीत. दूरच्या ठिकाणाहून तोफेचा बार काढावयाचा, ज्वाला दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजावयाचा व त्यावरून अंतर काढावयाचे. मोजणीवरील युद्धनौकेच्या तोफेचा हा असा उपयोग होता.

या सर्व पद्धतीत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शिशाचा गोळा टाकणाऱ्याने आकड्याचा अर्थ लावावयाचा नसतो. आसपास सर्वत्र वीस वाव पाणी असताना मध्येच एके ठिकाणी तीन वाव आले, तर ‘हे असणे शक्य नाही’ म्हणून त्याने तो आकडा सुधारता कामा नये. त्याने तो तसाच लिहावा. कदाचित तेथेच एखादे जहाज फोडणारा खडक असेल. अपेक्षेशी न जुळणारा आकडा हाच पुष्कळदा सर्वांत मोलाचा आकडा ठरतो.

४

तांबड्या समुद्राचे काम संपत आल्यावर ‘पॅलिन्यूरस’ कमांडर स्टॅफर्ड बेट्सवर्थ हेन्स यांच्या हाताखाली अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्याकडे वळली. १८३४ च्या आरंभी सोकोत्रा बेटाची मोजणी झाली. या वेळी जहाजावर लेफ्टनंट जेम्स रेमंड वेलस्टेड (१८०५–१८४२) हा तरुण अधिकारी होता. जहाज बेटाभोवती काम करीत असताना तो चार्ल्स क्रटेंडन या सहकाऱ्याबरोबर बेटाच्या अंतर्भागात हिंडला. या प्रवासाकडे आपण पुढे पुन्हा वळणार आहोत.

त्याच वर्षी ६ मे रोजी ‘पॅलिन्यूरस’ हद्रमौतच्या किनाऱ्यावर, आजच्या बीर अली गावाजवळ, एका काळ्या खडकाच्या आश्रयाने नांगरून पडली. स्थानिक लोक त्या खडकाला ‘हिस्न-गुराब’ म्हणत. अरबीत हिस्न म्हणजे किल्ला आणि गुराब म्हणजे कावळा. मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास वाचणाऱ्यास ‘गुराब’ हा शब्द निराळ्या अर्थाने परिचित आहे. आपल्याकडे ते दोन वा तीन डोलकाठ्यांच्या लढाऊ जहाजाचे नाव आहे, आणि या जहाजाचे नावही त्याच अरबी शब्दावरून आले असे सामान्यतः मानले जाते. ज्या मुंबईच्या आरमाराने एके काळी आंग्र्यांच्या गुराबांशी झुंज घेतली होती, त्याच आरमाराची एक नौका आता ‘कावळ्याच्या किल्ल्या’खाली उभी होती.

अधिकारी खडकावर चढले. वर घरांचे व बुरुजांचे अवशेष आणि पाण्याची टाकी दिसली. चढणीच्या वाटेवर खडकाच्या गुळगुळीत केलेल्या बाजूवर त्यांना दहा ओळींचा एक कोरीव लेख आढळला. अक्षरे सुमारे अडीच इंच उंचीची असून अत्यंत काळजीपूर्वक व नियमितपणे खोदलेली होती. ती अरबी नव्हती, ग्रीक नव्हती, त्यांच्या परिचयाची कोणतीही नव्हती. या अधिकाऱ्यांनी ती अक्षरे उतरून घेतली. पुढच्या वर्षी, १८३५ मध्ये, वेलस्टेड व क्रटेंडन यांनी किनाऱ्यापासून आत जाऊन नक्ब-अल्-हजर या प्राचीन तटबंदीच्या प्रवेशद्वारातील लेखाचीही नक्कल केली. १८३६ साली क्रटेंडन व जहाजावरील डॉक्टर हल्टन हे मोख्याहून सना शहरापर्यंत गेले आणि तेथून आणखी काही लेखांच्या नकला घेऊन परतले. या सफरीनंतर थोड्याच काळात डॉ. हल्टन मृत्यू पावले.

ज्या ठिकाणी ‘पॅलिन्यूरस’ नांगरली होती ते ठिकाण म्हणजे प्राचीन काने बंदर होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात या बंदराचे वर्णन आहे. त्या प्रदेशात पिकणारा ऊद येथे आणला जाई, आणि काने येथील व्यापाऱ्यांचा बॅरिगाझाशी, म्हणजे आपल्या भडोचशी, व्यवहार होता. म्हणजे मुंबईच्या जहाजाने १८३४ साली गाठलेला हा किनारा आपल्या पश्चिम किनाऱ्याला मुळीच नवा नव्हता. त्याची ओळख मधल्या काळात बुजली होती, इतकेच.

५

या नकला युरोपात पोहोचल्यानंतरची कथा अभ्यासपद्धतीच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. या लिपीचे नमुने त्यापूर्वी अगदीच आले नव्हते असे नाही. जर्मन प्रवासी झेट्झेन याने १८१० साली येमेनमध्ये काही लेखांच्या नकला केल्या होत्या. परंतु त्या तोकड्या व सदोष होत्या, आणि त्यांवरून वाचन शक्य झाले नाही. ‘पॅलिन्यूरस’च्या अधिकाऱ्यांनी मात्र एक सलग, मोठा व बऱ्याच अंशी विश्वसनीय लेख अभ्यासकांच्या हाती दिला. १८३८ साली वेलस्टेडचा अरबस्तानातील प्रवासावरील द्विखंडात्मक ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

जर्मनीतील हाले विद्यापीठात विल्हेल्म गेसेनियस व त्यांचे शिष्य एमिल रोडिगर या दोघांनी स्वतंत्रपणे या लिपीचा उलगडा केला. दोघांचेही निबंध १८४१ साली प्रसिद्ध झाले. पुढील वर्षी रोडिगर यांनी वेलस्टेडच्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर काढून त्याला शिलालेखांवरील विवेचन जोडले. त्यांच्या हाती तीन साधने होती. पहिले, बर्लिनमधील काही अरबी हस्तलिखितांत जुन्या दक्षिणी अक्षरांचे तक्ते होते. ते काही ठिकाणी चुकीचे असले तरी आरंभासाठी उपयोगी होते. दुसरे, इथियोपियाची गीझ लिपी ही या लिपीचीच शाखा असल्याने पुष्कळ अक्षरांची रूपे ताडून पाहता येत होती. तिसरे, या लेखांत दोन शब्दांच्या मध्ये उभी रेघ असते. स्वरचिन्हे नसलेल्या लिपीत शब्दांच्या सीमा आयत्या मिळणे हा मोठाच लाभ होता. नक्कल करणाऱ्याने ही रेघ ‘निरर्थक’ समजून गाळली असती तर वाचनाचा मार्ग कितीतरी अवघड झाला असता. ज्याला अर्थ कळत नव्हता त्याने ती गाळली नाही.

याच नकलेचे दुसरे वाचन इंग्लंडमध्ये झाले. रेव्हरंड चार्ल्स फॉर्स्टर यांनी १८४४ साली अरबस्तानच्या ऐतिहासिक भूगोलावर ग्रंथ लिहिला. अरबी ग्रंथांतरी जतन झालेले एक जुने पद्य त्यांच्या वाचनात आले होते. दक्षिण अरबस्तानातील एका प्राचीन लेखाचे ते भाषांतर आहे अशी परंपरा होती. हिस्न-गुराबचा लेख तोच, असे फॉर्स्टर यांनी ठरविले. मग पद्याचे शब्द लेखाच्या अक्षरांवर बसवून त्यांनी स्वतःची वर्णमाला तयार केली आणि हा लेख कुराणात उल्लेखिलेल्या आद लोकांचा, म्हणजे मानवजातीच्या अगदी आरंभकाळातील, असा निष्कर्ष काढला. हाले येथील वाचन त्यांच्यापुढे असूनही त्यांनी ते नाकारले.

वस्तुतः हा लेख हिम्यरी शकाच्या ६४० व्या वर्षाचा, म्हणजे इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. सुम्यफा अश्वा नावाचा सरदार व त्याचे सोबती यांनी हबशी लोकांच्या स्वारीच्या धामधुमीत या गडाचा आश्रय घेतला आणि त्याचे तट, दरवाजा, टाकी व वाटा दुरुस्त केल्या, असा त्याचा आशय आहे. हबशांनी हिम्यरच्या राजाला ठार केल्याचा उल्लेखही त्यात आहे. मानवजातीच्या आरंभाचे पद्य शोधणाऱ्यास एका अस्वस्थ काळातील गडदुरुस्तीचा हा हिशोब कदाचित रूक्ष वाटला असता. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तो अमोल आहे, कारण दक्षिण अरबस्तान व इथियोपिया यांच्या संघर्षाचा तो समकालीन पुरावा आहे.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. फॉर्स्टर अडाणी नव्हते. त्यांचे वाचन दांडगे होते. वेलस्टेडच्या तुलनेत ते कितीतरी अधिक विद्वान होते. परंतु काय सापडावयाचे हे त्यांनी आधीच ठरविले होते. वेलस्टेडला काय सापडले हे ठाऊक नव्हते, आणि ते आपणास ठाऊक नाही हे त्याने मान्य केले होते. गेसेनियस व रोडिगर यांना जी सामग्री वाचता आली तीच सामग्री फॉर्स्टर यांच्याही समोर होती. सामग्रीत दोष नव्हता. तिच्यापुढे बसण्याच्या रीतीत होता. पुढे १८४३ मध्ये अर्नो याने मारिब येथून आणि १८६९–७० मध्ये जोसेफ हालेव्ही याने येमेनच्या अंतर्भागातून शेकडो लेख आणले. त्यांच्या आधारे हाले येथील वाचनातील उणिवा क्रमाक्रमाने दूर होत गेल्या. फॉर्स्टर यांच्या वाचनात सुधारण्यासारखे काहीच नव्हते. ते सोडून द्यावे लागले.

६

दगडावरील अक्षरांचे काम असे साधले. जिवंत बोलींच्या बाबतीत काय झाले?

सोकोत्राच्या अंतर्भागात हिंडताना तेथील डोंगराळ लोकांची भाषा अरबीहून वेगळी आहे हे वेलस्टेडच्या ध्यानात आले. त्याने तिचे दोनशेंहून अधिक शब्द व वाक्प्रयोग टिपले व ते अरबी शब्दांशेजारी ठेवले. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८३५ साली ही सूची प्रसिद्ध झाली. सोकोत्री भाषेचे हे पहिले मुद्रित दर्शन. १८३८ साली जेद्दा येथील फ्रेंच प्रतिनिधी फुल्जाँस फ्रेनेल याने जवळच्याच शहरी भाषेची माहिती प्रसिद्ध केली, आणि अरबस्तानच्या दक्षिणेस अरबीहून भिन्न अशा सेमिटिक भाषांचा एक गट जिवंत आहे हे विद्वानांना कळले.

पुढे १८४४ ते १८४६ या काळात ‘पॅलिन्यूरस’ कॅप्टन सँडर्स यांच्या हाताखाली अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्याच्या मोजणीवर होती. त्या वेळी हेन्री जॉन कार्टर (१८१३–१८९५) हे तिच्यावर सहायक शल्यवैद्य होते. स्पंज या प्राणिवर्गावरील संशोधनासाठी ते पुढे प्रसिद्धीस आले. त्यांनी या किनाऱ्याच्या भूस्तरांचा अभ्यास केलाच, शिवाय महरा लोकांविषयीचे टिपण त्यांच्या भाषेच्या शब्दसूचीसह लिहिले. ते १८४७ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापले गेले. महरी भाषेच्या अभ्यासाच्या आरंभीचा एक महत्त्वाचा लेख अशा रीतीने मुंबईत प्रसिद्ध झाला आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी हे नियतकालिक केवळ भारतविद्येसाठीच उघडावे असे नाही.

या शब्दसूच्यांचे ऐतिहासिक मोल निःसंशय आहे. परंतु शिलालेखांच्या नकलांची कसोटी त्यांना लावली तर त्या कमी पडतात, आणि याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. दगडावरील अक्षर डोळ्यांसमोर स्थिर असते. न कळताही त्याची आकृती उतरविता येते. उच्चार मात्र ऐकताक्षणीच नाहीसा होतो, आणि तो कागदावर आणावयाचा तर ऐकणाऱ्याला आपल्या लिपीतील एखादे अक्षर निवडावेच लागते. म्हणजे येथे नोंद करणे हाच अर्थ लावण्याचा पहिला टप्पा असतो. सोकोत्री व महरी भाषांत जिभेच्या कडेवरून हवा जाऊन उच्चारला जाणारा घर्षक ध्वनी आहे. रोमन लिपीत त्याला अक्षर नाही. अरबी लिपीतही नाही. कंठद्वार बंद ठेवून झटक्याने उच्चारल्या जाणाऱ्या व्यंजनांची गोष्टही तीच. ज्या साधनांनी वेलस्टेड व कार्टर यांनी लिहिले त्या साधनांत हे भेद उतरणे शक्यच नव्हते. खोली मोजणाऱ्यापाशी वावांच्या खुणा असलेली दोरी होती. ध्वनी मोजणाऱ्यापाशी अशी दोरी अद्याप तयार व्हावयाची होती. ध्वनिशास्त्राने ती पुढे पुरविली.

योगायोग असा की, या बाजूने जाणारा ध्वनी प्राचीन शिलालेखांच्या लिपीतही स्वतंत्र अक्षराने दाखविलेला आहे. या लिपीत २९ व्यंजनचिन्हे असून ‘स’सदृश ध्वनींसाठी तीन वेगवेगळी चिन्हे आहेत. अरबीत हे भेद काही अंशी मिसळून गेले. दक्षिणेकडील या बोलींनी ते टिकविले. म्हणून आज शिलालेखांतील अक्षरांचे उच्चार ठरविताना या बोलींचा आधार घेतला जातो. या बोली शिलालेखांच्या भाषेच्या थेट वंशज आहेत असे मात्र आता मानले जात नाही. त्या त्याच कुळातील, परंतु निराळ्या शाखेच्या आहेत. एकाच जहाजाने आणलेल्या दोन सामग्री, एक दगडावरची व एक मुखातली, परस्परांना अशा पूरक ठरल्या.

७

आता या इतिहासाची दुसरी बाजू. ‘पॅलिन्यूरस’ विद्येसाठी निघालेली नव्हती. कोळशासाठी तळ शोधणे हे तिचे काम होते. सोकोत्रा बेट विकत घेण्याचा कंपनीचा प्रयत्न १८३४–३५ मध्ये झाला. महरा लोकांच्या वृद्ध व अंध सुलतानाने बेट विकण्यास साफ नकार दिला. तरीही बेटावर फौज उतरविण्यात आली होती. तापाने ती हैराण झाली व परत न्यावी लागली. त्यानंतर लक्ष एडनकडे वळले. या बंदराची मोजणी ‘पॅलिन्यूरस’ने केलेली होतीच. जानेवारी १८३७ मध्ये ‘दर्या दौलत’ हे जहाज एडनजवळ फुटले व लुटले गेले. या घटनेचे निमित्त करून हेन्स यांना बोलणी करण्यास पाठविण्यात आले, आणि अखेरीस १९ जानेवारी १८३९ रोजी तोफांच्या माऱ्यानंतर एडन घेण्यात आले. हेन्स तेथील पहिले राजकीय प्रतिनिधी झाले. पुढे हिशोबातील तुटीवरून त्यांना १८५४ मध्ये मुंबईस आणण्यात आले. अपहाराच्या आरोपांतून ज्यूरीने त्यांना मुक्त केले, तरी कर्जदार म्हणून त्यांनी सुमारे सहा वर्षे तुरुंगात काढली. १८६० साली सुटका झाल्यावर अल्पावधीतच त्यांचा मृत्यू झाला. एडनवरील ब्रिटिश सत्ता १९६७ पर्यंत टिकली.

ज्या वहीत खडकावरील लेखाची नोंद झाली त्याच मोजणीच्या कागदांत पुढे स्वारीला उपयोगी पडलेल्या खोलींचे आकडे होते. यावरून कोणी म्हणेल की हे सारे ज्ञान साम्राज्याचे साधन होते, म्हणून ते दूषित आहे. दुसरा कोणी म्हणेल की विद्येचा लाभ झाला, तेव्हा हेतूची चिकित्सा कशाला? मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. सुलतानाचा नकार आणि रोडिगरचे वाचन ही दोन्ही एकाच जहाजाच्या इतिहासातील सत्ये आहेत. एकाने दुसरे खोडले जात नाही. इतिहासकाराने दोन्ही त्याच पानावर लिहावीत.

सोकोत्राविषयी एक भर येथे घालणे उचित होईल. वेलस्टेड बेटावर हिंडला त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, या शतकाच्या आरंभी, बेल्जियन संशोधकांनी तेथील होक गुहेची तपासणी केली. गुहेच्या खोल अंधारात शेकडो लेख मिळाले, आणि त्यांतील बहुसंख्य ब्राह्मी लिपीतील होते. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून आलेल्या नाविकांनी तेथे आपली नावे लिहून ठेवली आहेत. काहींनी आपण भरुकच्छचे असल्याचेही नमूद केले आहे. वर म्हटल्याप्रमाणे ‘पॅलिन्यूरस’वरील आपल्या खलाशांची नावे अहवालांत सहसा आढळत नाहीत. त्यांच्या दूरच्या पूर्वसूरींची नावे मात्र त्याच बेटाच्या पोटात, त्यांच्याच हातची, शाबूत होती.

आपल्या विभागातील विद्यार्थी दरवर्षी बोलींची सामग्री गोळा करण्यास गावोगावी जातात. परत आलेल्या वह्यांत पुष्कळदा असे दिसते की वक्त्याने उच्चारलेले रूप प्रमाण मराठीच्या रूपाकडे ओढून लिहिलेले असते. ‘त्याला असे म्हणावयाचे असावे’ असे समर्थन त्यावर मिळते. अशा वेळी ‘पॅलिन्यूरस’च्या शिशाच्या गोळ्याची आठवण ठेवावी. वीस वावांच्या पाण्यात तीन वाव आले तर तीनच लिहावेत, आणि आपला तर्क शेजारच्या रकान्यात, तर्क म्हणूनच लिहावा. पहिला रकाना शुद्ध राहिला, तर आपल्याला न उमगलेले आपल्यानंतर येणाऱ्या एखाद्यास वाचता येईल.